टांग्यावरची भट्टी

तापलेल्या लोखंडाचा रंग कोणता, असं कुणालाही विचारा. लाल, असंच उत्तर येईल. पण लाल हा नुसता पहिला मुक्काम. आधी काळपट लाल, मग डाळिंबी, मग नारिंगी, मग पिवळा. त्याच्याही पुढे गेलं की लोखंड पांढरं पडतं आणि फुलबाजीसारख्या ठिणग्या फेकायला लागतं. बघणाऱ्याला मजा वाटते. लोहार मात्र घाईने ते बाहेर ओढतो, कारण ठिणग्या आल्या म्हणजे लोखंड जळायला लागलं, ते आता कामाचं राहिलं नाही. माझं सगळं आयुष्य नारिंगी आणि पिवळ्याच्या मधल्या जागेत गेलं, आणि खरं सांगतो, फार मजेत गेलं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी घण उचललेला नव्हता. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि शिंदे की छावनी या मोहल्ल्यात राहिले ते राहिलेच. आजोबा स्वार, वडील रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदार. मीही स्वारच व्हायचो, पण लहानपणी एका घोडीने लाथ झाडली आणि माझा उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. तेव्हा आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला रिसाल्याच्या नालबंदखान्यात चिकटवून दिलं. घोड्यांचे खूर कापायचे, नाल घडवायचे आणि ठोकायचे, हे नालबंदाचं काम. आबांना ते फारसं आवडलं नव्हतं, पण माझ्या अंगावर वर्दी होती. वर्दी होती तोवर चालून गेलं.

मग संस्थान विलीन झालं. थोड्याच काळात आमची फौज भारताच्या फौजेत जायची ठरली आणि कुणाला घ्यायचं, कुणाला घरी पाठवायचं याची तपासणी सुरू झाली. ताठ गुडघ्याचा नालबंद कुणाला हवा? शिवाय नाल ठोकणार कुणाला? घोडेच जायचे होते. काही दुसरीकडे नेले, काही विकले. ज्या सकाळी आमच्या पागेतले घोडे नेले त्या सकाळी आबा घराबाहेर आले नाहीत. मी सडकेच्या कडेला उभा होतो. माझेच नाल वाजत गेले. एकही सैल नव्हता, एवढं समाधान.

आमच्या शेजारी नाना दिघे राहत. त्यांचे आजोबा-पणजोबा दरबारात लिखापढी करणारे, आणि नाना स्वतः एका लहानशा सरकारी खात्यात हेडक्लार्क. माणूस सज्जन. त्यांनी आबांना सांगितलं की आमच्या कचेरीत शिपायाची एक जागा निघते आहे, यशवंतला लावून देतो, दसऱ्यापर्यंत कळवा. आबांना बरं वाटलं. शिपाई तर शिपाई, पण सरकारी; पुन्हा पट्टा, पुन्हा वर्दी.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच घोळत होतं. करीमभाई आमच्या रिसाल्याच्या कारखान्यातला फिटर. वय झालं म्हणून त्यालाही सोडलं होतं. तो मला जसवंत भैया म्हणायचा. ग्वाल्हेरात निम्म्या लोकांना मी यशवंत नव्हतोच. एक दिवस आम्ही दोघं कबाडी बाजारात उगाच हिंडत होतो. तिथे मोटारीच्या चाकातलं ब्रेकचं जाड लोखंडी डबडं पडलं होतं, मधे भोक असलेलं, खोलगट परातीसारखं. करीमभाईने ते पायाने उलटं केलं, परत सुलटं केलं, माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. दोघांच्याही मनात एकाच वेळी एकच गोष्ट आली.

तो म्हणाला, "भैया, ये तो बनी-बनाई भट्टी है."

ज्यांनी भट्टी कधी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भट्टीला तीनच गोष्टी लागतात: कोळसा धरून ठेवणारं भांडं, खालून वारा, आणि भांडं वितळू नये म्हणून आतून मातीचा लेप. बाकी सगळी सजावट. भांडं मिळालं होतं. ते उचलून घरी आणताना आम्ही वरात घेऊन चालल्यासारखे चाललो होतो.

पुढचे काही दिवस मी इतका खुशीत कधी नव्हतो. खिशात काही नव्हतं, म्हणून प्रत्येक वस्तू कशातून तरी काढायची होती. मोडक्या लोखंडी खाटेचे पाय कापून भट्टीला तिवई केली. डबड्याच्या मधल्या भोकावर भोकं पाडलेली पत्र्याची जाड चकती ठेवली आणि खालून पाण्याच्या नळाचा तुकडा जोडला, म्हणजे वारा तिथून वर येईल. ऐरण विकत घेणं शक्यच नव्हतं. पण भंगारात रुळाचा एक आखूड तुकडा मिळाला. तो बाभळीच्या ओंडक्यावर मोठ्या खिळ्यांनी पक्का बसवला आणि वरून हातोडा टाकून पाहिला. हातोडा टणकन उडून परत हातात आला. ऐरण चांगली असली की ती अर्धं काम करते. ती हातोडा परत देते. त्या आवाजाने अनसूया, माझी बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि विचारायला लागली की घरात मंदिराची घंटा कुणी बांधली.

खरी मौज वाऱ्याची झाली. चामड्याचा भाता परवडणारा नव्हता. करीमभाईने सायकलचं एक वाकडं चाक आणलं, ते सरळ केलं, त्याला हाताने फिरवायचा दांडा बसवला. तेलाचा रिकामा डबा कापून गोल खोकं केलं, त्याच्यात पत्र्याच्या पात्यांचा पंखा. चाकावरून पंख्याच्या लहान गरारीवर, म्हणजे कप्पीवर, पट्टा. पट्टा कशाचा? माझ्याकडे जुन्या खोगिराचा एक तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, होता. मोठं चाक एकदा फिरलं की लहान गरारी गरगरा फिरायची. पहिल्यांदा चालवला तेव्हा नळीच्या तोंडाशी धरलेली अनसूयेच्या चुलीतली राख उडून आमच्या दोघांच्या मिशांवर बसली. करीमभाई हसून हसून खाली बसला.

आबा हे सगळं ओसरीवरून बघत होते. शेवटी एकदाच बोलले, "यशा, हे रिकिबीत पाय घालणाऱ्यांचं घर आहे. इथे आता घण वाजणार?"

मी म्हटलं की दसऱ्यापर्यंत मुदत आहे ना, तोवर बघू द्या. नाही जमलं तर नानांकडे जातो. ते उठून आत गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

आता उतावीळपणा कसा नडतो ते ऐका. पिवळी माती, राख, भुसा आणि घोड्याची लीद कालवून मी डबड्याला आतून लेप दिला आणि वरून सुकलेला दिसताच जाळ केला. शेजारीपाजारी बघायला जमले होते. कोळसा पेटला, करीमभाईने चाक फिरवलं, आणि फाडकन आवाज झाला. मग आणखी एक. आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ झाली होती आणि लेपाचे तुकडे निखाऱ्यांसकट उडत होते. मोहल्ल्यातले लोक जिकडेतिकडे पळाले, एकाच्या धोतराला भोक पडलं, आणि नानांनी भिंतीपलीकडून ओरडून विचारलं की काय, फौज परत आली काय.

अनसूया म्हणाली, "अहो, नवी चूल कधी घातली त्याच दिवशी पेटवतात का? सावलीत सुकू द्या, मग थोडा थोडा जाळ दाखवा."

दुसरा लेप तिने स्वतः दिला, चुलीला देतात तसा, पातळ थरांनी. तो सुकेपर्यंत मी भट्टीकडे बघायचं सुद्धा नाही, असं तिने बजावलं. मी रोज लपून बघत होतो. मग गोवऱ्यांचा मंद जाळ केला, तोही विझू दिला, आणि एका दुपारी कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, भरून खरी भट्टी पेटवली. या वेळी चाकावर अनसूया बसली, कारण करीमभाई आणि मी दोघंही भट्टीत डोकं घालून बसलो होतो. आधी धूर झाला, पिवळा, घाणेरडा. मग धूर सरला आणि निखाऱ्यांच्या मधे एक डोळा उघडल्यासारखा दिसला, बारीक, पिवळा, झगझगीत. मी त्यात सळई सरकवली. काळपट लाल. डाळिंबी. नारिंगी. मी ती ऐरणीवर घेतली, हातोडा मारला आणि लोखंड लोण्यासारखं दबलं. मला नाचता येत नाही, गुडघ्यामुळे. पण त्या दिवशी मी नाचलोच असं अनसूया नंतर सगळ्यांना सांगायची.

दसरा आला तेव्हा आमच्या दाराशी टांगे उभे राहायला लागले होते. घोडे फौजेतून गेले होते, शहरातून नव्हे. टांगेवाल्यांना नाल हवे होते, आणि रिसाल्याचा नालबंद म्हटल्यावर ते लांबून येत. मी नानांना नम्रपणे नकार कळवला. ते जरा रागावले. त्या दिवसापासून अंगणाच्या भट्टीकडच्या भागात आबांनी पाऊल टाकलं नाही. दाराशी घोडा आला की मात्र बाहेर येत, त्याच्या मानेवरून हात फिरवत, दात बघत, टांगेवाल्याला दाणापाण्यावरून चार शब्द सुनावत, आणि भट्टीकडे पाठ करून आत जात. भग्गू नावाचा एक टांगेवाला होता. त्याची तांबडी घोडी आबांना फार आवडायची. तिच्यासाठी ते गूळ राखून ठेवत.

वर्षं अशी गेली. दगडफोडे छिन्न्यांना धार आणि पाणी द्यायला येत. पाणी देणं म्हणजे तापलेलं हत्यार पाण्यात बुडवून टणक करणं. दाल बाजारातले व्यापारी तराजूचे दांडे आणि पोती उचलायचे आकडे करून घ्यायला येत. एका सरदारांच्या वाड्यावरचे कारभारी तर हातगाडीवर हत्तीच्या पायाची साखळी घेऊन आले. हत्ती पोसणं आता शक्य नव्हतं, तो कुठेतरी देऊन टाकला होता. साखळी उरली होती. तिचे झोपाळ्याचे चार सर करून द्या, म्हणाले. प्रत्येक कडी इतकी जाड की एकेक कापताना करीमभाई आणि मी घामाघूम. काम झाल्यावर कारभाऱ्यांनी एक सर हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, आता निदान यावर कुणी बसेल तरी. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता, म्हणून आम्ही हसलो नाही.

आणि मग आमची राजधानीही गेली. विलीनीकरणानंतर मध्य भारत नावाचं राज्य झालं होतं आणि ग्वाल्हेरला निदान हिवाळ्यात तरी सरकार बसत असे. पुनर्रचनेत ते राज्यच संपलं. नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला. कचेऱ्या निघाल्या. घरोघरची माणसं निघाली. मराठी मोहल्ल्यातलं दर दुसरं घर सामान बांधत होतं. आमच्या भट्टीला मात्र एवढं काम पूर्वी कधी मिळालं नव्हतं: दफ्तराच्या पेट्यांना लोखंडी पट्ट्या, कोपऱ्यांना पत्रे, कड्या, कोयंडे. अनसूया चाक फिरवता फिरवता म्हणाली, आपलं शहर रिकामं होतंय आणि आपण त्याला कुलपं करून देतोय. मला ते लागलं. पण भट्टी पेटलेली होती आणि काम हातात होतं.

त्या दिवसांतली एक सकाळ. आम्ही पट्ट्या वाकवत होतो तेवढ्यात नाना दिघ्यांच्या कचेरीतला एक चपराशी धावत आला. त्याला धाप लागली होती. कचेरी दौलतगंजात, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. तिथून खात्याची तिजोरी खाली उतरवत होते. वर तुळईला साखळीची पुली बांधली होती, तिच्या टोकाच्या आकड्यात तिजोरीचे दोर अडकवले होते. जिन्याच्या मध्यावर आकडा उकलला, म्हणजे ताणाने सरळ झाला, आणि तिजोरी घसरून भिंतीशी अडकली. तिच्या आणि भिंतीच्या मधे रामदीन नावाच्या हमालाचा पाय सापडला होता.

पहारीने उचलत का नाही, असं करीमभाईने विचारलं. चपराशी म्हणाला, प्रयत्न केला. पायरीचा दगड हलला, तिजोरी आणखी बोटभर घसरली आणि रामदीन असा ओरडला की नानांनी सगळ्यांना थांबवलं. आता खालून लाकडी बल्ल्या लावून ती कशीबशी तोलून धरली होती. वरून ओढल्याशिवाय सुटका नव्हती आणि ओढायला आकडा नव्हता. नवा आकडा साखळीच्या शेवटच्या कडीत ओवून तिथेच गरम करून बंद करावा लागणार होता. म्हणजे आग तिथे हवी.

करीमभाईने आणि मी पुन्हा एकदा एकमेकांकडे बघितलं, कबाडी बाजारात बघितलं होतं तसंच. भट्टी तिवईवर होती. भट्टी उचलता येत होती.

भग्गूचा टांगा दाराशीच होता. टांग्याच्या मागच्या पाट्यावर ओल्या वाळूचा थर टाकला आणि गोणपाटं भिजवून पेटती भट्टी चौघांनी उचलून वर ठेवली. विझवून नेली असती तर पुन्हा तापायला वेळ गेला असता. सायकलचं चाक, पंखा, ऐरण, सांडशी, हातोडे, राखेची बादली, आणि टांग्याच्या जुन्या लोखंडी आसाचा एक तुकडा, सगळं लादलं. अनसूयेने पदर कमरेला खोचला आणि भट्टीशेजारी बसली. मी तिला राहू दे म्हटलं. ती म्हणाली की तुमच्या चाकाचा हात फक्त मला माहीत आहे.

भग्गूने लगाम ओढला आणि घोडी जागची हलेना. पाठीमागे आग, धूर, ठिणग्या. ती मागच्या पायांवर उभी राहायला लागली. भट्टी कलली. भग्गूने चाबूक उचलला.

"चाबूक खाली ठेव," मागून आबांचा आवाज आला.

ते कधी बाहेर आले होते मला कळलं नाही. डोक्यावर पागोटं नाही, पायात काही नाही. ते घोडीच्या तोंडाशी गेले, तिच्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि कानाशी काहीतरी बोलले. रिसाल्यात घोड्यांना तोफेच्या आवाजाची सवय करून देणं हे त्यांनी जन्मभर केलेलं काम. घोडीचे कान हळूहळू खाली आले. मग आबांनी खांद्यावरचं उपरणं तिच्या डोळ्यांच्या बाजूंनी बांधलं, भग्गूला सरकायला सांगितलं आणि स्वतः लगाम घेतला.

म्हातारपणी त्यांनी टांगा काय हाकला! छावनीतून निघालो ते दौलतगंजापर्यंत घोडी एका चालीत, ना उधळली, ना अडखळली. वाटेतले लोक भिंतींना चिकटून उभे राहत होते. कुणाला वाटलं टांग्याला आग लागली, एकाने तर पाण्याची घागर फेकायला उचलली. करीमभाई मागे उभा राहून दोन्ही हातांनी "मत डालो, मत डालो" करत होता. मी ऐरण मांडीत धरून बसलो होतो आणि भीती वाटायच्या जागी मला आनंद होत होता. तिकडे एक माणूस अडकला आहे हे माहीत असूनही. ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

जिन्यात शिरलो. रामदीन पायरीवर आडवा होता, चेहरा राखेसारखा. नाना त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, शर्टाला घाम, चष्मा कपाळावर. मला बघून एवढंच म्हणाले, "यशवंतराव, बरं झालं आलात."

भट्टी जिन्याच्या तोंडाशी उतरवली. अनसूया चाकाला लागली. भर दौलतगंजात, शंभर डोळ्यांसमोर, फौजी घराण्यातली सून सायकलचं चाक फिरवत होती, आणि तिचं लक्ष फक्त निखाऱ्याकडे होतं. आसाचा तुकडा घातला. नारिंगी. पिवळा. करीमभाईने घण घेतला, मी हातोडा. मी हलका ठोका मारून जागा दाखवायची, त्याने तिथेच जोराने हाणायचं. आम्हाला बोलावं लागत नसे. टोक निमुळतं केलं, ऐरणीच्या कडेवर वाकवलं, पोटाशी मुद्दाम जाड ठेवलं, कारण आकडा नेहमी पोटातून उकलतो. वरून साखळी ऐरणीपर्यंत सैल सोडायला लावली, आकड्याचा वरचा डोळा उघडा ठेवून तिची कडी आत ओवली, पुन्हा तापवून ठोकून बंद केला. आकडा तयार झाला, साखळीच्या टोकाला लालभडक लटकत होता.

आणि इथेच सगळ्यात अवघड काम सुरू झालं, म्हणजे काहीच न करणं.

टांग्याचा आस कडक लोखंडाचा असतो. तापलेला असताना त्यावर पाणी ओतलं तर तो काचेसारखा टणक होतो, आणि काचेसारखाच फुटतो. छिन्नीला पाणी द्यायचं असतं. आकड्याला नाही. आकडा आपला आपण निवायला हवा, राखेत, हळूहळू. वजन घेताना तो जरासा वाकला तरी चालेल, पण तुटता कामा नये. मी राखेने भरलेली बादली आकड्याखाली उचलून धरायला लावली आणि आकडा त्यात बुडवला.

हे बाहेरच्या लोकांना कसं समजणार? त्यांना दिसत होतं ते एवढंच की आकडा झालाय, माणूस कण्हतोय, आणि मिस्त्री राखेची बादली बघत बसलाय. पानी डालो, असा एकाने आवाज दिला. मग दहांनी दिला. दोन हमाल, रामदीनचे साथीदार, खरंच घागर घेऊन पुढे आले. त्यांचं चुकत नव्हतं, त्यांचा माणूस होता. एकाने माझी गळपट्टी धरली. मी समजावत होतो पण माझा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता.

आबा घोडीजवळ उभे होते. ते लगाम भग्गूच्या हातात देऊन आत आले, सरळ माझ्यासमोर.

"पाणी टाकलं तर?" त्यांनी विचारलं.

"तुटेल."

"नक्की?"

"नक्की, आबा."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग वळले. गेली कित्येक वर्षं घरात हळू बोलणारा तो म्हातारा एकदम परेडच्या मैदानावरच्या आवाजात कडाडला, आणि जिन्यातली सगळी गर्दी दोन पावलं मागे सरली. ज्याने माझी गळपट्टी धरली होती त्याचा हात आपोआप सुटला. आबांनी त्याच्या हातातली घागर घेतली, खाली ठेवली, आणि त्याला रामदीनच्या खांद्याशी बसवलं. स्वतः बादलीसमोर पाय रोवून उभे राहिले.

"मेरा लड़का जब कहेगा, तब," ते म्हणाले. "उससे पहले कोई हाथ नहीं लगाएगा."

किती वेळ गेला मी मोजला नाही. रामदीनने मधे एकदा शुद्धीवर येऊन पाणी मागितलं, नानांनी त्याला पाजलं. मी राखेत बोट घालून बघायचो आणि काढून घ्यायचो. करीमभाईचे ओठ हलत होते. अनसूया चाकाचा दांडा धरून तशीच बसली होती, फिरवायचं काही नव्हतं तरी. शेवटी आकडा मुठीत धरवला. मी मान हलवली.

दोर अडकवले. वर चौघे साखळीला लागले. साखळी ताठ झाली, तुळई कुरकुरली, आकडा किंचित ताणला गेला, अगदी किंचित, आणि तसाच थांबला. तिजोरी बोटभर उठली. मग वीतभर. दोन हमालांनी रामदीनला काखेत धरून ओढला आणि त्याचा पाय मोकळा झाला. तो पाय सुजून भलताच झाला होता, पण पाय होता.

परत येताना आबाच हाकत होते. भट्टी उतरवताना एका बाजूने त्यांनी हात लावला आणि तिची नेहमीची जागा कुठली, असं मला विचारलं. इतक्या वर्षांत ते तिकडे फिरकलेच नव्हते.

नाना दिघे त्याच हिवाळ्यात भोपाळला गेले. कितीतरी लोक गेले. ज्यांच्याबरोबर गणपतीत लेझीम खेळलो त्यांच्या घरांना नवे भाडेकरू आले. पुढे करीमभाई वारला. नंतर गल्लीत वेल्डिंगची दुकानं झाली, टांगे संपले, आणि नाल काय असतो हे नातवंडांना मला हिंदीतून सांगावं लागतं. त्याचं वाईट वाटतं, पण रडावं इतकं नाही. ज्याने लोखंडाचा पिवळा रंग स्वतःच्या अंगणात, स्वतः जोडलेल्या भट्टीत पाहिला, त्याची तक्रार फार टिकत नाही.

रामदीन बरेच महिने घरी होता. मग लंगडत का होईना, पुन्हा दाल बाजारात पोती वाहायला लागला, आणि जाता-येता आमच्याकडे पाणी प्यायला थांबायचा. एकदा नाना भोपाळहून लग्नाला आले होते. बोलता बोलता मी विचारलं की त्या तिजोरीत होतं तरी काय. नानांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की भोपाळला ती सगळ्यांसमक्ष उघडली. आत जुन्या संस्थानाचे आणि नंतरच्या राज्याचे पितळी शिक्के होते, कापडात बांधलेले. एकाचाही आता कशाला उपयोग नव्हता. कुणी नीट पाहिलंच नव्हतं, जायचं सामान म्हणून आलं.

माझ्या अंगाची आग झाली. एवढ्यासाठी एका माणसाचा पाय जायची वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी रामदीन आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं आणि तो चिडेल म्हणून वाट बघत राहिलो. त्याने लोट्यातलं पाणी संपवलं, मिशा पुसल्या, जरा विचार केला.

"दो-दो राज थे अंदर," तो म्हणाला. "तभी तो इतनी भारी थी, मिस्त्रीजी."

आणि हसत हसत पोतं पाठीवर घेऊन निघाला.